वापरलेलं क्षेपणास्त्र, चालू स्थितीत

सासुरवाडीच्या लग्नकार्यात माझी ओळख करून देण्याची एक ठरलेली पद्धत आहे. बाकीच्या जावयांचं 'हे बँकेत असतात', 'हे महापालिकेत असतात' असं सरळ आटोपतं. माझ्यापाशी आलं की मेहुणा माझ्या खांद्यावर हात टाकतो आणि म्हणतो, "आणि हे आमचे भावोजी. मिसाइलं एक्स्पोर्ट करतात." समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या पोटाकडे, मग माझ्या हातातल्या मठ्ठ्याच्या वाटीकडे, आणि सावकाश दुसऱ्या पंगतीकडे निघून जातो.

यातलं अनेकवचन खोटं आहे. मी मिसाइल एकच एक्स्पोर्ट केलं.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. काळाचौकीला त्याचं वर्कशॉप आहे आणि गणपतीचे हलते देखावे करण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात दुसरा नाही. फायबर, प्लायवूड, वायपरची मोटर आणि सायकलची चेन एवढ्या सामानात तो समुद्रमंथन उभं करतो. वासुकीच्या तोंडून फेस येतो. तो फेस शॅम्पूचा असतो हे घरचे म्हणून आम्हालाच माहीत.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मंडळाने ठरवलं, यंदा क्षेपणास्त्र. दादाने मोबाइलवर फोटो बघून बघून असं काही बनवलं की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. टेम्पोभर लांबीचं, हिरवट रंगाचं, खाली लाँचर, बाजूला पाती, अंगावर खिळेसुद्धा रंगवलेले. बटण दाबलं की बुडातून धूर, लाल दिवे, गडगडाट. मग टोक कमळासारखं उमलायचं आणि आतून शांतीचं पांढरं कबूतर वर यायचं. पंखसुद्धा हलवायचं, डावा जरा कमी.

या सगळ्याला निवेदन माझं. म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज. एरवी घरात माझं कुणी ऐकून घेत नाही. वर्षातले दहा दिवस मात्र रांगेत उभे राहून लोक ऐकतात, त्यामुळे मी जरा जास्तच देतो. पहिल्या मसुद्यात मी क्षेपणास्त्राचा पल्ला दोन हजार किलोमीटर ठेवला होता. पण पलीकडच्या गल्लीतल्या मंडळानेही तोच विषय घेतल्याची खबर आली, आणि त्यांचा पल्ला चार हजार. आमचे सेक्रेटरी तातडीने घरी आले. "साहेब, आपलं दोन हजार म्हणजे लाज काढणारं आहे." मी तिथल्या तिथे पाच केला. त्यात ना एक स्क्रू वाढला, ना दादाच्या मोटरीला कळलं. देशादेशांचं कसं चालतं ते मला तेव्हापासून थोडंफार समजतं.

देखावा गाजला. गर्दी नाक्यापर्यंत गेली. मग विसर्जन झालं, मांडव उतरला आणि क्षेपणास्त्र वर्कशॉपच्या छपराखाली ताडपत्री पांघरून पडलं. उन्हाळ्यात त्यावर शेजारणी पापड वाळवायच्या.

दादाची एकुलती एक मुलगी लग्न होऊन मस्कतला गेलेली. तिथे आपल्या लोकांचं गणपती मंडळ आहे. ते यंदा देखाव्याच्या शोधात होते आणि आमच्या भाचीने मीटिंगमध्ये उठून सांगितलं, "माझ्या बाबांकडे तयार आहे. एक नंबर आहे. मी आणते." नव्या सुनेने नव्या गावात चारचौघांत दिलेला शब्द. दादाला फोन आला तेव्हा तो फायबर घासत होता. धूळ झाडायचीही शुद्ध राहिली नाही, तसाच पांढराफटक आमच्या घरी आला.

"भावोजी, माझा काम परदेशात चालला!"

"मग तू पण जा की बरोबर. पोरीकडे राहून ये."

"विमानात? जी वस्तू मी सोता बनवली नाय, तिच्यात मी बसत नाय."

हे त्याचं जुनं तत्त्व. पोरीला जाऊन दोन वर्षं होत आली तरी मोडलेलं नाही. म्हणजे जायचं ते क्षेपणास्त्रानेच. आणि पाठवायचं कुणी? तर मी.

कारण माझी नोकरीच ती. गिरगावात आमचं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस आहे. माल परदेशी जाताना कस्टमला जे कागद द्यावे लागतात ते आम्ही बनवतो. आमची खासियत जुनी यंत्रं. छपाईची, बेकरीची, शिवणाची. इथली जुनी झालेली यंत्रं आफ्रिकेत नाहीतर आखातात जातात आणि तिथे पुन्हा तरुण होतात. इतकी वर्षं तेच करत आल्याने मालाचं वर्णन माझी बोटं आपोआप टाइप करतात. आधी वस्तूचं नाव, मग 'जुने, वापरलेले, चालू स्थितीत'. हे शेवटचं लिहिलं नाही तर घेणारा तिकडे भंगाराचा भाव देतो. त्यामुळे मी ते कधीही विसरत नाही.

त्या दिवशीही विसरलो नाही.

दादाला फोन लावून विचारलं, "नेमकं नाव काय लिहू?" तो म्हणाला, "बॅलिस्टिक मिसाइल लिवा. फायबर नंतर लिवा." जागा कमी होती, फायबर राहून गेलं. शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टमच्या त्या कागदावर, गेलं ते असं: बॅलिस्टिक मिसाइल, लाँचरसह, जुने, वापरलेले, चालू स्थितीत. नग एक. जाणार मस्कतला.

मी ते पाठवलं, चहा प्यायलो आणि कोपऱ्यावर वडापाव खायला गेलो.

इकडे मिसाइल उघड्या टेम्पोवरून काळाचौकीहून वडाळ्याच्या कंटेनर यार्डकडे निघालं. एका म्हाताऱ्या बाईंनी फुटपाथवरून हात जोडले. सिग्नलला हवालदाराने टेम्पो थांबवून घेतला. दादा ड्रायव्हरशेजारून खाली उतरला. हवालदाराने डोक्यापासून शेपटापर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "कुठलं मंडळ?"

रस्त्यावर कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते कस्टमच्या कॉम्प्युटरला. वडापाव संपवून आलो तर आमचे मालक माझ्या खुर्चीत बसलेले. मालक गिरगावातल्या जुन्या वाडीतले ख्रिश्चन. मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त रागावले की हळू बोलतात. ते अतिशय हळू बोलत होते.

"अरे बाबा, हे काय लिवलंस तू?"

"माल सर. मेहुण्याचा."

"यूज्ड मिसाइल?" त्यांनी चष्मा काढला. "यूज्ड? कोणावर यूज केलं, मॅन?"

मी वाकून स्क्रीनवरचं माझंच वर्णन पुन्हा वाचलं.

"गणपतीत, सर."

"आणि वर्किंग कंडिशन!" ते म्हणाले. "तीस वर्षं मी पंप पाठवतो. साधा पंप. तर शंभर प्रश्न विचारतात, कोण वापरणार, कशाला वापरणार. आणि तू डायरेक्ट मिसाइल पाठवतो. बरोबर लाँचर फ्री!"

मग त्यांनी मला समजावलं. इतकी वर्षं या धंद्यात असून मी ही बाजू कधी नीट बघितली नव्हती. क्षेपणास्त्रांच्या बाजारावर जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून एक रेघ आखलेली आहे. पाचशे किलोचं ओझं तीनशे किलोमीटर नेईल अशी वस्तू दुसऱ्याला द्यायची तर सहजासहजी द्यायची नाही. नुसतं क्षेपणास्त्रच नाही, त्याला लागणारं पोलाद, ग्रॅफाइट, कार्बन फायबर, दिशा दाखवणारी यंत्रं, सगळ्यावर नजर. प्रत्येकाला परवाना, आणि घेणाऱ्याचं लेखी वचन, की मी हे अमुकच कामाला वापरीन. आमचं बिल अडकलं होतं ते इथे. आता माल तपासला जाणार, तोवर हलायचं नाही. आणि हे जहाज चुकलं तर पुढचं पोचणार चतुर्थी उलटल्यावर.

म्हणजे मस्कतच्या स्टेजवर मोकळी भिंत आणि भिंतीसमोर आमची भाची.

घरी बातमी सांगितली. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "दादाचा एवढा मोठा काम, आणि तुमका ह्याच लिवक सुचला? हत्ती लिवायचो होतो, तर तो पण वापरलेलो लिवला असतात!" ती माहेरच्या भाषेत शिरली की माझ्या बाजूने बोलण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खुलाशाचं पत्र तयार करून दादाला वाचून दाखवलं. सदर वस्तू शोभेची, नकली असून तिच्यात कोणतीही क्षमता नाही.

दादा उठून उभा राहिला. "नकली?"

"अरे, कागदापुरतं."

"नाक्यापर्यंत लाईन लागली ती नकली बघूक? क्षमता नाय म्हणजे काय? कबूतर कोण वर करता, तुमचो मालक?"

"दादा, क्षमता आहे म्हटलं तर सुटणार नाही. नाही म्हटलं तर तू सही करणार नाहीस. पोरीला काय सांगू?"

पोरीचं नाव काढल्यावर तो बसला. बराच वेळ ब्रशचे केस उपटत राहिला. शेवटी 'प्रतिकृती' या शब्दावर आमचा तह झाला. "प्रतिकृती चलात," तो म्हणाला. "देवाची मूर्ती पण प्रतिकृतीच आसता. तिका कोण नकली म्हणता?" आणि सही केली.

भाचीकडून लेखी वचन मागवलं, ते तासाभरात आलं. पोरगी बापावर गेलेली. अंतिम वापरकर्ता कोण, यापुढे तिने लिहिलं होतं, श्री गजानन. वापर कशासाठी? भक्तांच्या दर्शनासाठी. वापरानंतर वस्तूचं काय करणार? पुढच्या वर्षी पुन्हा वापरणार. मालकांनी ते वाचलं, डोळे मिटले आणि छातीवर क्रॉस केला.

तपासणीला मी आणि दादा वडाळ्याला गेलो. शेडमध्ये आमचं मिसाइल एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला निर्यातीच्या कांद्याच्या गोणी. अधिकारी बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पर्स, हातात आमची फाइल. त्यांनी एकदा मिसाइलला फेरी मारली. पात्यावर टिचकी मारली. टकटक असा पोकळ आवाज आला. दादाने तोंड फिरवलं.

"ते कळतंय मला," बाई म्हणाल्या. "लांबूनच कळतं. पण एक सांगू का? आजवर हे कुणी मिसाइल म्हणून पाठवलेलं मी बघितलं नाही. खरा माल सुटा होऊन जातो. इथून पंप, तिथून पत्रा, तिसरीकडून मोटर. कागदावर ट्रॅक्टरचे पार्ट, नाहीतर डेअरीचं मशीन. दुनियाभर हेच चालतं. स्वतःच्या नावाने निघालेलं हे पहिलंच."

मी सुटकेचा श्वास सोडला. "मग मॅडम, जाऊ दे ना त्याला."

"जाऊ दे कसं? तुम्ही लिहिलंय, चालू स्थितीत." त्यांनी वर्णनावर बोट ठेवलं. "चालवून दाखवा."

मला वाटलं होतं, दादा उडी मारून पुढे होईल. आपलं काम चालवून दाखवायची संधी त्याने जन्मात सोडलेली नाही. बारशाला आलेल्या पाहुण्यांनाही तो वासुकीचा फेस दाखवतो. पण तो तिथेच उभा राहिला.

"आज नको, मॅडम."

"का?"

"मोटर गरम हा."

"ती तर आठवडाभर बंद आहे."

"म्हणजे थंड हा. लय थंड."

मी त्याला कोपराने ढोसलं. "अरे, लाव ना! जहाज उद्या सुटणार." त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं याला एकदम ताप भरला. मग त्याने प्लग लावला, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

बुडातून धूर आला. लाल दिवे लागले. आणि पत्र्याच्या शेडमध्ये माझाच आवाज घुमला: "थरथरा कापा, शत्रूंनो! पाच हजार किलोमीटर पल्ल्याचे, ब्रह्मांड भेदणारे हे महाविनाशक अस्त्र..."

बाईंनी फाइलमधून मान वर केली. "हा आवाज कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"पाच हजार कशावरून काढलेत?"

"शेजारच्या मंडळाचे चार होते."

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की आणखी काही, ते कळायच्या आत टोक उमलायला लागलं. अर्ध्यावर अडकलं. आत काहीतरी करकरलं. मोटर घुं करून जोर लावत राहिली आणि फटकन आवाज आला. मग पाकळ्या उघडल्या, आणि आतून शांतीचं कबूतर वर आलं ते लालभडक. डोक्यावर कोकमांची पुडी, पंखात अडकलेली फाटकी कापडी पिशवी, आणि ते हलवतंय पंख. प्रत्येक फडफडीला लाल ढग.

मालवणी मसाला. लालबागच्या मसाला गल्लीत दादाने स्वतः उभं राहून डंकावर कुटून घेतलेला, यंदाचा ताजा.

आधी दादा शिंकला, मग मी, मग कांद्याच्या गोणीवर बसलेले हमाल एकापाठोपाठ. बाई शिंकल्या त्या आमच्या फाइलवर. मागे माझा आवाज चालूच होता, "...आता पळाल तरी कुठे?"

प्लग काढल्यावर शेड शांत झालं. बाईंनी डोळे पुसले आणि पाकळ्यांतून आत डोकावून बघितलं. खाली ओळीने पिशव्या रचलेल्या. मसाला, तिरफळं, सुकवलेली आमसुलं, कुळथाचं पीठ. पिशव्यांच्या शिवणी मी ओळखल्या. आमच्याच घरच्या मशीनवरच्या. बायको ज्या ढंगात मला बोलली होती, तो ढंग मला आता वेगळाच वाटायला लागला.

"हे काय आहे?"

दादा पुटपुटला, "पोरगी थंय आसा. दरवर्षी डंकावर माझ्याबरोबर यायची. कुरियरवाल्याक दिला तर म्हणता, पावडर चलत नाय. म्हटला, मिसाइलात कोण बघता?"

बाईंनी फाइल उघडली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग म्हणाल्या, "मिसाइलचं माझ्याकडून मिटलं. सजावटीची वस्तू, मी तसं लिहिते. पण हे खायचं सामान कागदावर नाही. घालायचं असेल तर बिल बदला, त्याचे वेगळे दाखले आणा. आठवडा जाईल. नाहीतर आत्ता काढा, आणि रिकामं उद्याच्या जहाजावर चढवा. दोन्ही होणार नाही."

मी दादाकडे बघितलं. मसाला ठेवावा तर पोरीचा शब्द जाणार. शब्द ठेवावा तर पोरीचा मसाला राहणार. तो पाकळ्यांवर हात ठेवून उभा होता. नाकाचा शेंडा लाल, डोळ्यांत पाणी, अर्थात ते आम्हा सगळ्यांच्याच होतं.

"काढतंय," तो म्हणाला.

खांद्यापर्यंत हात घालून त्याने एकेक पिशवी बाहेर काढली. मी धरत गेलो. फुटलेला मसाला आम्ही रुमालाने, मग हमालाच्या गमछ्याने, मग नुसत्या हातांनी पुसला. कबुतराला दादाने ओल्या फडक्याने आंघोळ घातली. ते गुलाबी झालं, त्यापुढे काही केल्या जाईना. निघताना दादाने एक पिशवी बाईंच्या पुढे धरली. त्या दोन पावलं मागे सरल्या. "नको हो. मी हे घेतलं तर मलाच तपासतील." मग जाता जाता थांबून विचारलं, "मिरची कुठली, बेडगी?"

"बेडगी आणि संकेश्वरी, दोन्ही."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शिंकल्या.

परतीच्या बसमध्ये मांडीवर पिशव्या घेऊन आम्ही बसलो. आजूबाजूची सीट कुणी घेईना. दादा अख्ख्या वाटेत एकच वाक्य बोलला, "रिकामा चालला." मी त्याला म्हणालो, अरे, कबूतर आहे ना आत. त्याने पिशव्यांची तोंडं आणखी घट्ट आवळली. घरी बायकोने पिशव्या मोजून घेतल्या, एक कमी कशी म्हणून मलाच विचारलं, आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या डब्यात जे काही असे ते लाल असे.

चतुर्थीला संध्याकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही सगळे दादाच्या वर्कशॉपमध्ये एका मोबाइलभोवती. तिकडे हॉलमध्ये एसी, झुंबरं, नटलेली माणसं, आणि मधोमध आमचं मिसाइल, पोटावर झेंडूची माळ. भाचीनेच बटण दाबलं. धूर आला. मस्कतच्या लोकांनी माझा आवाज ऐकला आणि, मला खोटं बोलायचं नाही, लहान मुलं हसली. टोक उमललं. गुलाबी कबूतर वर आलं. टाळ्या पडल्या.

दादाने टाळ्या ऐकल्याच नाहीत. तो मोबाइलच्या पार जवळ गेला होता, नाक काचेला लागेल इतका. भाची मिसाइलशेजारी उभी राहून कॅमेऱ्याकडे हात हलवत होती. कबुतराने पंख हलवले, डावा जरा कमी. तिचा हात थांबला. तिने वळून पाकळ्यांकडे बघितलं, मग वाकून टोकात तोंडच घातलं.

आणि शिंकली. लागोपाठ तीनदा, दणदणीत, पैठणीचा पदर नाकाला लावून, चारचौघांत.

दादा मागे सरून स्टुलावर बसला.

"पोचला," तो म्हणाला.